साडूंचा मदरबोर्ड

ही गोष्ट खरी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. माझं हे नेहमीचंच. मी थापा मारल्या की लोक माना डोलावतात आणि खरं सांगायला लागलो की चपला शोधतात. तरी परवा आमच्या इमारतीखालच्या बाकावर बसून मी ती सांगितलीच. शेजारी निवृत्त पोस्टमन होते, आणि वर पहिल्या मजल्याच्या खिडकीत आमची ही दोरीवर कपडे वाळत घालत होती.

तर माझे एक साडू आहेत. माणूस सज्जन, पण संशयी. दुकानदारानं वजन केलं की हे काट्याखाली वाकून बघणार. घराला कुलूप लावून चार पायऱ्या उतरणार, परत चढून कुलूप ओढून बघणार, आणि ते उघडलं नाही की ‘आज इतकं घट्ट कसं बसलं’ म्हणून कुलपावरच संशय घेणार.

त्यांच्या घरात एक लॅपटॉप. तो त्यांच्या बायकोचा, म्हणजे आमच्या मेहुणीचा. ही बाई बावन्नाव्या वर्षी शेवाळावर पीएच.डी. करायला निघाली होती. सहा वर्षं भिंती, विहिरी आणि गटारांचे काठ खरवडून केलेलं सगळं काम त्या लॅपटॉपात होतं, आणि सोमवारी प्रबंध जमा करायचा होता. त्याची दुसरी प्रत कुठंही ठेवायची नाही. साडूंची सक्त ताकीदच होती.

"आपला माल इंटरनेटवर ठेवायचा म्हणजे परक्याच्या कपाटात ठेवायचा. आणि तो पेन ड्राइव्ह तर कुणीही खिशात टाकून नेईल."

गुरुवारी सकाळी लॅपटॉप बंद पडला. बटण दाबलं तरी हूं नाही की चूं नाही. साडू तो छातीशी धरून दुरुस्तीच्या दुकानात गेले. दुरुस्तीवाल्यानं चार्जरच्या भोकापाशी मीटर टेकवला आणि मान हलवली.

"मदरबोर्डवर शॉर्ट दिसतोय. ठेवून जा, शनिवारी बघून सांगतो."

"ठेवून जाऊ? म्हणजे दोन दिवस तुम्ही आणि तो, दोघंच?"

"मग काय तुम्ही राहायला येताय?"

साडूंनी क्षणभर त्यावरही विचार केला. मग लॅपटॉप पुन्हा छातीशी धरून ते घरी आले आणि बायकोला म्हणाले, "त्याला आतले भाग काढून घ्यायचेत. मीच दुरुस्त करतो."

"तुम्हाला येतं?"

"व्हिडिओ बघतोय."

व्हिडिओत फक्त दोन हात दिसत होते, तोंड नाही. साडूंना तिथंही शंका आली. तोंड लपवणारा माणूस काय शिकवणार? म्हणून त्यांनी तो सांगेल त्याच्या थोडं उलट करायचं ठरवलं.

शुक्रवारी न्याहारीच्या आधीच त्यांनी जेवणाचं टेबल ताब्यात घेतलं. मागच्या झाकणाचे अकरा स्क्रू निघाले. एवढीशी वस्तू, कुणीही पळवेल. मग साडूंनी स्वतःची रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी आणली. ती तुम्ही पाहिली असेल, सोमवार सकाळ, सोमवार रात्र असे चौदा कप्पे असतात. उरलेल्या सहा गोळ्या त्यांनी वाटीत ओतल्या आणि सोमवार सकाळपासून ओळीनं एकेका कप्प्यात एकेक स्क्रू ठेवून झाकणं बंद केली.

"हुशार माणूस," पोस्टमन म्हणाले.

"आहेच," मी म्हणालो.

मग साडूंनी झाकण उचकटलं आणि त्यांचे डोळेच फिरले. आत हिरवा मदरबोर्ड दिसेना. सगळीकडे पिठासारखा पांढरा थर. पंख्यात पांढरं, फटींत पांढरं.

"बघ," ते बायकोला म्हणाले, "काल मीटर लावायच्या निमित्तानं त्यानं आत काहीतरी सोडलं. म्हणजे मी झक मारत परत जावं."

मेहुणीनं न्याहारी पुढे केली, पाण्याचा पेला ठेवला. साडूंनी नजर त्या थरावरून न हलवता ती संपवली, सवयीनं डबी उघडली, पाणी प्यायले आणि उठले. चिमूटभर पुरावा पाकिटात घातला, पाकिटावर तारीख-वेळ टाकली आणि दुकान गाठलं.

दुरुस्तीवाल्यानं पाकीट उघडलं, हुंगलं आणि तीनदा शिंकला.

"ही अंगाला लावायची पावडर आहे, काका. ओलावा धरला की बोर्ड शॉर्ट होणारच. आणि मी कशाला टाकू? मी तर झाकणही उघडलं नव्हतं."

साडू तसेच घरी. बायकोच्या नाकापुढे पाकीट धरून म्हणाले, "तूच वास घे आणि सांग, घरात कोण येतं ही पावडर लावून?"

"वास कशाला घेऊ? तुमच्या मानेला रोज हाच येतो."

इथं एक सांगायचं राहिलं. आपल्यामागं लॅपटॉपला कोण हात लावतं हे कळावं म्हणून साडू गेली सहा वर्षं रोज सकाळी कळफलकावर चिमूटभर पावडर भुरभुरत असत. ठसे उमटावेत म्हणून. ठसे सगळे बायकोचेच निघत, पण लॅपटॉप तिचाच असल्यामुळे तपास पुढे सरकत नव्हता.

पोस्टमन खूप हसले. "मग?"

मग साडू कामाला लागले. जुना दात घासायचा ब्रश आणि स्पिरिट घेऊन बोर्ड पुसायचा होता. पण आधी स्क्रू मोजले. दहा भरले. शुक्रवार सकाळ रिकामी.

घराला वेढा पडला. पेपर मागायला आलेल्या शेजारच्या शिक्षिकाबाईंना उंबऱ्यावरच थांबवून साडूंनी विचारलं, "तुम्ही आत किती पावलं आला होतात?" त्या बिचाऱ्या मोजून सांगू लागल्या. तेवढ्यात मेहुणी वाटी घेऊन आली.

"मघाशी गोळी घेतलीत?"

"घेतली ना. तुझ्यासमोर."

"मग वाटीत पाच हव्यात. या सहा आहेत."

साडू टेबलाचा कोपरा धरून खाली बसले. त्यांना आठवलं, गोळी आज जिभेला जरा गार लागली होती, आणि चव गंजाकडे झुकणारी.

"चव तुम्हाला कशी ठाऊक?" पोस्टमननी मान वाकडी करून विचारलं.

"त्यांनी सांगितली. साडू मला सगळं सांगतात."

वर खिडकीत चिमट्यांचा आवाज थांबला होता.

डॉक्टर म्हणाले, केळी खा आणि वाट बघा. साडूंनी शनिवारी बोर्ड पुसून दहा स्क्रूंवर लॅपटॉप मिटला. अकरावा अजून प्रवासात होता. रविवारी दुपारी त्यांनी बटण दाबलं. पंखा घरघरला, पडदा उजळला, साडूंच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि बोर्डातून धुराची एक बारीक रेघ निघाली. पडदा विझला तो विझलाच.

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी साडूंना आपली लाज वाटली. सहा वर्षं एका बाईनं विहिरींच्या काठाला गुडघे टेकले होते आणि ते सगळं यांनी धुरात घालवलं होतं. ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिले.

"मी तुझा प्रबंध घालवला. चूक दुरुस्तीवाल्याची नाही. माझी."

ती भांडी पुसत होती. हातातलं ताट तिनं पुसून जागेवर ठेवलं.

"प्रबंध मी काल जमा केला."

"काल? कुठला?"

"शेजारच्या शिक्षिकाबाईंकडे माझी प्रत असते. रोज संध्याकाळी पाठवते. पेपर न्यायला येतात ना त्या? पेपर हे निमित्त. आदल्या संध्याकाळची पानं पोचली, ते सांगायला यायच्या."

"म्हणजे तू माझ्यावर संशय घेत होतीस?"

"घेत होते. पण मी तो जगभर वाटत बसले नाही. एकाच माणसावर घेतला आणि बरोबर निघाला."

मी थांबलो. पोस्टमननी चष्मा काढून पुसला.

"आणि लॅपटॉपचं काय झालं?"

गोष्ट अशी धुरात संपवणं मला बरं वाटेना. "चालू झाला की. साडूंनी पुन्हा खोलला, असा काही जोडला म्हणता, पूर्वीपेक्षा दुप्पट वेगानं पळतो. तो दुरुस्तीवाला आता दर रविवारी साडूंकडे शिकायला येतो."

"अहो," वरून आवाज आला. ओला टॉवेल हातात घेऊन आमची ही खिडकीतून वाकली होती. "दुरुस्तीवाल्याचं राहू द्या. मी तीन भावांत एकटी बहीण. तुम्हाला साडू कुठून आला?"