लॅपटॉपला खो

कुमुदिनीबाई येवल्यांचा लॅपटॉप गुरुवारी सकाळी खाली बसला आणि रीतसर खो मिळाल्याशिवाय आपण उठणार नाही, असं त्याने कळवलं.

बसायचा तो याआधीही. पाचोऱ्याकडे कुठलंही यंत्र बंद पडलं की ते बसलं असंच म्हणतात. पंप बसतो, मिक्सर बसतो, एकदा तर अख्खी पिठाची गिरणी बसली होती. पण ते बसणं नुसतं बोलण्यापुरतं. या वेळी तो टेबलावरून उतरला, भिंतीला पाठ लावली आणि खो-खोच्या पाटीवर बसतात तसा उकिडवा बसला.

"अरे, उद्या संध्याकाळी सहापर्यंत मुलींची नावं जायची आहेत," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"मला," लॅपटॉप म्हणाला. मग त्याच्या पडद्यावरचं गोल चक्र बराच वेळ फिरलं. "कल्पना." पुन्हा चक्र. "आहे."

कुमुदिनीबाई महिला मंडळाच्या खो-खो संघाच्या व्यवस्थापक होत्या. राज्य स्पर्धेसाठी खेळाडूंची नावं संघटनेच्या संकेतस्थळावर भरावी लागत, आणि तिथला पासवर्ड फक्त या लॅपटॉपच्या पोटात होता. अकरा वर्षांपूर्वी त्यानेच तो लक्षात ठेवला होता. सांग म्हटलं तर सांगत नसे. आमच्यात तसं बसत नाही, म्हणायचा.

उशीर झाला तर बाकीच्या मुलींना पुढचं वर्ष होतं. सायरा तडवीला नव्हतं. पुढच्या महिन्यात तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती आणि वयोगटातून ती बाद होणार होती. ही पोर खुंटाजवळ अशी वळायची, की पाठलाग करणारी सरळ जाऊन कुंपणाला टेकायची. राज्य स्पर्धेत तिचा खेळ चार माणसांच्या नजरेत भरला तर तिचं शिक्षण पुढे चालणार होतं. नाहीतर घरच्यांनी भुसावळचं एक स्थळ पाहून ठेवलं होतं.

स्टँडसमोरच्या संगणक दुरुस्तीच्या दुकानातले महाजन आले. त्यांनी लॅपटॉपची नाडी बघितली.

"काकू, याची प्रणाली फार जुनी आहे. बनवणारेसुद्धा तिला विसरले असतील. नवी टाकली तर याचा जीव जाईल, जुनी ठेवली तर तुमचा."

"काहीच करता येणार नाही का?"

"हलका करून बघू."

सकाळी डोळा उघडायच्या आत सतरा कामं लॅपटॉपच्या अंगावर चढत होती, ती महाजनांनी एकेक करून उतरवली. मग पोट साफ करायला घेतलं. पोटात कुमुदिनीबाईंच्या भाच्याच्या लग्नाचा व्हिडिओ निघाला. चार वेळा.

"तो राहू द्या," आतल्या खोलीतून दिगंबरराव ओरडले. हे कुमुदिनीबाईंचे यजमान. एसटी डेपोतून निवृत्त झाल्यापासून ते आतल्या खोलीतूनच बोलत. "त्यात मी नाचलोय."

"चारही वेळा तसेच नाचलाय," कुमुदिनीबाई म्हणाल्या आणि तीन पुसायला सांगितले.

त्यानंतर लॅपटॉप दोन-दोन वाक्यं सलग बोलू लागला. "आता बरं वाटतंय," असंही म्हणाला. पण उठेना.

शेवटी दिगंबरराव बाहेर आले. "एवढंच ना? घे!" त्यांनी लॅपटॉपच्या समोर वाकून आरोळी ठोकली, "खो!"

"फाउल," लॅपटॉप म्हणाला. "खो पाठीमागून देतात. हात आणि शब्द एकदमच पडले पाहिजेत."

"मग भिंतीपासून पुढे सरक की साहेबा!"

"बसलेल्याला जागा सोडता येत नाही. तोही फाउल."

"आयुष्यभर माझ्या कामात खो घालत आलात," कुमुदिनीबाई यजमानांना म्हणाल्या, "आणि आज एक साधा खो देता येईना?"

लॅपटॉपने नियम समजावून सांगितले. घरात खो होत नाही. मैदान लागतं, दोन्ही टोकांना खुंट लागतात आणि शेजारी सात जणी बसलेल्या लागतात. खेळ सुरू व्हायच्या आधी त्याला कोणी उचलून नेलं तर मात्र त्याची हरकत नव्हती. महाजन पिशवी आवरून गेले. हे माझ्या दुकानाबाहेरचं काम आहे, म्हणाले, आणि ते खरंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी कुमुदिनीबाईंनी त्याला कन्याशाळेमागच्या मैदानावर नेलं. त्याच्या बॅटरीत जीव नव्हता म्हणून शिपायाच्या खोलीतून लांब वायर ओढली. इंटरनेट सायराच्या मोबाइलवरून घेतलं. मुली पाटीवर बसल्या, मधल्या चौकोनात लॅपटॉप बसला.

"बाई, हा माझ्याच बाजूला तोंड करून बसलाय," शेजारची मुलगी म्हणाली. "तोंडं उलटसुलट पाहिजेत."

त्याला फिरवून ठेवलं. सायरा मागे येऊन उभी राहिली. "मी देते खो."

"द्यायला हरकत नाही," लॅपटॉप म्हणाला. "पण देणाऱ्याला माझ्या जागी बसावं लागेल."

हा नियम मैदानावरच्या प्रत्येकीला लहानपणापासून ठाऊक होता.

"किती वेळ?" सायराने विचारलं.

"दुसरं कोणी खो देईपर्यंत. मी अकरा वर्षं बसलोय."

सायराने हात पुढे केला. कुमुदिनीबाईंनी तो धरला. "मूर्ख आहेस का? तू बसलीस तर हे सगळं कोणासाठी? हो बाजूला, मी देते."

"आणि नावं कोण टाईप करणार?" लॅपटॉप म्हणाला.

दिगंबरराव कुंपणाशी शेंगदाणे खात गंमत बघत उभे होते. त्यांनी हात झटकले आणि चपला काढून मैदानात आले.

"मी देतो. तसाही निवृत्त झाल्यापासून मी बसूनच आहे. ही रोज हेच म्हणते."

"अहो, नीट विचार करा. त्याच्या जागी म्हणजे टेबलावर."

"टेबल खिडकीपाशी आहे. वारा येतो."

कुमुदिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत या माणसाने आपणहून कशाला हात लावल्याचं त्यांना आठवेना. त्यांनी पदर खोचला.

दिगंबररावांनी लॅपटॉपच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच क्षणी, डेपोत गाडी सुटल्याची हाळी देत तशा आवाजात, म्हणाले, "खो!"

लॅपटॉप उठला. वायर सुटून मागे पडली, तिकडे कोणी पाहिलंही नाही. तो सरळ खुंटाच्या दिशेने पळत सुटला आणि कुमुदिनीबाई त्याच्या बाजूने पळत टाईप करू लागल्या. एकेक नाव झरझर बसत गेलं. शेवटचं सायराचं. ते त्यांनी घातलं आणि बघतात तर, 'सायरा तवडी'.

"थांब! मागे जा, मागे जा!"

"एकदा दिशा घेतली की खुंटाला पोचेपर्यंत मागे वळता येत नाही," लॅपटॉप धापा टाकत म्हणाला. पळतानाही तो सलग बोलत होता.

"अरे, तवडी नावाची कोणी मुलगीच नाही!"

"खुंट येऊ द्या, बाई!"

सगळ्या मुली ओरडायला लागल्या. शाळेच्या घड्याळात सहाला थोडंच कमी होतं. खुंट आला, लॅपटॉप त्याला वळसा घालून सायरासारखाच वळला, आणि त्या वळणावर कुमुदिनीबाईंनी 'ड' आणि 'व' जागच्या जागी बसवून 'पाठवा' दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली. मग घड्याळाचे टोले पडले. सायरा मातीत बसून रडली, आणि रडता रडताच तिने मोबाइलवरचं इंटरनेट बंद केलं, कारण पॅक संपत आला होता.

मधल्या चौकोनात दिगंबरराव बसले होते.

"उठा, झालं आपलं," कुमुदिनीबाई म्हणाल्या.

"खो मिळाल्याशिवाय," दिगंबरराव म्हणाले. मग बराच वेळ थांबले. "उठता येत नाही."

त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि घरी नेऊन टेबलावर ठेवलं.

पुढे सांगलीला राज्य स्पर्धा झाली. सायराने एका डावात असा खेळ करून दाखवला, की कोल्हापूरच्या एका महाविद्यालयाने तिला तिथल्या तिथे प्रवेश देऊ केला. भुसावळच्या स्थळाला नकार कळवून टाकला. लॅपटॉप आता मैदानावरच असतो. मुलींना सरावाला उपयोगी पडतो. हुलकावणीत अजून कच्चा आहे.

कुमुदिनीबाई मंडळाचं काम आता दिगंबररावांवर करतात. सकाळी त्यांना उघडायला वेळ लागतो. चहा ठेवून यावं, तोवर ते सुरू होतात. अधूनमधून त्यांच्या पाठीमागे उभ्या राहून कुमुदिनीबाई त्यांच्या पाठीवर हात ठेवतात, पण शब्द उच्चारत नाहीत. उच्चारला तर त्यांना बसावं लागेल, आणि पुढच्या वर्षीच्या मुली रोज पाचला मैदानावर येतात. रात्री त्या लॅपटॉपचं जुनं विणलेलं झाकण त्यांच्या खांद्यांवर घालतात.

शेजारणी विचारतात, कसं काय चाललंय?

"हळू चालतात," कुमुदिनीबाई सांगतात. "पण तापत नाहीत."