भेगाळलेल्या तुळईचा प्रबंध

स्थापत्य अभियांत्रिकी विभागाच्या वाचनालयातील तुळईला भेग पडली, तेव्हा विभागात समाधानाचे वातावरण पसरले. एका संशोधक विद्यार्थ्याला बरेच दिवस पीएचडीचा विषय मिळत नव्हता. तो आता डोक्यावरच सापडला.

विद्यार्थ्याने रीतसर भेगेवर काचेची बारीक पट्टी चिकटवली. भेग रुंदावली की काच तडकते, इतका साधा प्रयोग. काच तडकली की मार्गदर्शक त्याची पाठ थोपटत आणि नवी पट्टी लावायला सांगत. सोबतचे त्याला भेगोबा म्हणू लागले, आणि तोही ओ देऊ लागला.

मग देखभाल विभागाचा गवंडी शिडी आणि सिमेंटचे घमेले घेऊन आला. भेगोबा शिडीपुढे आडवा झाला. भेग बुजली तर आपली पदवी गेली, हे त्याने हात जोडून सांगितले. प्रकरण संशोधन समितीपुढे गेले. समितीने ठराव केला की, सदर भेग ही विभागाची शैक्षणिक मालमत्ता असून तिला पूर्वपरवानगीशिवाय कोणीही हात लावू नये. एक काम कमी झाले म्हणून गवंडी खुशीने परत गेला.

निरीक्षणात तटस्थता हवी तर अंतर हवे, असे मत मांडून मार्गदर्शकांनी आपली खोली मैदानापलीकडच्या इमारतीत हलवली. समितीही तटस्थ झाली. पुस्तके हलवली, कारण ती महाग होती. भेगोबा तिथेच राहिला, कारण हजेरीचा नियम होता.

यथावकाश प्रबंध पुरा झाला. निष्कर्ष एका वाक्याचा होता: तुळई पडणार. परीक्षकांनी दूरवरून, संगणकाच्या पडद्यावर, तो मौलिक ठरवला. पदवी हातात पडताच भेगोबा मार्गदर्शकांकडे धावला.

"सर, आता तरी गवंड्याला बोलवूया."

"दुरुस्ती केली तर तुळई पडणार नाही," मार्गदर्शक शांतपणे म्हणाले. "म्हणजे तुझा निष्कर्ष चुकला. चुकलेल्या निष्कर्षावर पदवी टिकते का रे?"

भेगोबाने पदवीकडे पाहिले. तुळई त्या खोलीतून दिसत नव्हती. त्याने पदवी पिशवीत ठेवली.

रिकामी इमारत एका शाळेने भाड्याने घेतली. जिच्यावर अख्खा प्रबंध झाला अशी दुसरी इमारत शहरात नाही, अशी शाळेने जाहिरात केली. ती खरीही होती. प्रवेशासाठी रांग लागली आणि भेगोबाच्या ताईचा फोन आला. त्याच्या शब्दाला तिथे वजन आहे, असे तिने ऐकले होते.

"सख्खा मामा ना तू? भाचीचं एवढं काम कर."

"ताई, अगं ती तुळई पडणार आहे. मीच लिहिलंय तसं."

"इतकी माणसं रांगेत उभी आहेत, ती काय खुळी आहेत?"

भेगोबाने तिला भार समजावला, गंजलेल्या सळया समजावल्या. तिने सगळे निमूट ऐकून घेतले आणि एकच विचारले.

"पडली तर कुठल्या बाजूला पडेल?"

प्रबंधात याचे उत्तर होते. "खिडकीकडचं टोक आधी सुटेल."

"मग तिला दाराजवळ बसव."

भेगोबाने शब्द टाकला. भाची दाराजवळ बसली. ताईने ही गोष्ट कोणालाही न सांगण्याच्या अटीवर एका मैत्रिणीला सांगितली. लगोलग पालक येऊ लागले. कोणी साहेबांची ओळख सांगत, कोणी थेट संस्थाचालकांना फोन लावत. मागणी पाहून शाळेने दाराजवळच्या बाकांचा विशेष गट केला. तुळई दुरुस्त करा, असे मात्र कोणी म्हटले नाही. तसे केले असते तर दाराजवळच्या बाकाला किंमत उरली नसती. ज्यांची कोणाशी ओळख नव्हती, त्यांची मुले खिडकीकडे बसली. उजेडही तिकडेच चांगला होता.

हे वाचताना आपल्या मुलासाठी दाराजवळ जागा मिळेल का, असा विचार ज्यांच्या मनात आला असेल, त्यांनी कृपया चौकशी करू नये. त्या जागा भरल्या आहेत.