आमच्या गल्लीचं पोतं

सकाळी सात वाजता कुणी तुमचाच कचरा तुमच्या दारात परत आणून आपटला, तर तुम्हाला काय वाटेल? माझं तर डोकंच फिरलं होतं. पण हौसाक्काचा पारा माझ्याहून वर होता.

"मास्तर, शिकलेलं हायसा न्हवं? मग दुधाच्या पिशवीचा कोपरा पार कापून का टाकतायसा? नुसती चीर पाडा की! त्यो तुकडा चाळणीतनं खाली पडतोय. कोण इकत घेणार त्याला, तुमचा सासरा?"

हौसाक्का आमच्याच गल्लीत, टोकाच्या घरात राहते. सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये ती आणि तिची सून निवडायचं काम करतात. एकेका गल्लीचं पोतं चाळणीच्या टेबलावर ओतायचं, पुठ्ठा, कागद, पिशव्या, बाटल्या वेगळ्या करायच्या आणि यंत्रात दाबून गठ्ठे बांधायचे. ते गठ्ठे कारखानदार विकत घेतात, पण स्वच्छ असले तरच. रश्श्यानं माखलेला एक पुठ्ठा निघाला की अख्खा गठ्ठा परत येतो. त्या दिवशी हौसाक्का गल्लीत शिरली की खिडक्या धडाधड लागतात.

"मटण तुम्ही खायाचं आन् वास आम्ही घ्यायाचा व्हय?" असं ती नाव घेऊन विचारते. कुरियरच्या खोक्यावर नाव असतंच. लग्नाच्या पंगतीतसुद्धा ती उठून लोकांच्या बाटल्यांची टोपणं काढते. "टोपणाचं प्लास्टिक येगळं हाय, पावणं!"

लोक हसतात. मीही हसायचो. आता त्या हसण्याची लाज वाटते. दाढीची ब्लेडं, फुटके ग्लास, आम्ही सुशिक्षित माणसं सगळं त्या पोत्यात कोंबायचो आणि वर तिलाच तोंडाळ म्हणायचो.

परवा ती आली, तेव्हा मी भांडायच्या तयारीनंच दार उघडलं. ती पायरीवर बसली.

"मास्तर, आपल्या गल्लीच्या पोत्यात इंजेक्शनची सुई हुती. सुनंला टोचली. पाचवा म्हयना हाय तिला. दवाखान्यात नेलतं, तर डाक्टर इचारतोय, सुई कुणाची. मी कुणाला काय बोलणार न्हाय. आजार कुठला, तेवढं फकस्त सांगा."

आई इन्सुलिन घेते. कागदात गुंडाळून सुई मीच टाकली होती.

"आमचीच आहे. आईची. साखर आहे तिला, दुसरं काही नाही. तरी तिचं रक्त आजच तपासून घेतो आणि रिपोर्ट घेऊन दवाखान्यात येतो."

तिनं डोळ्यांना पदर लावला.

"हौसाक्का, शिव्या तरी द्या," मी म्हणालो.

"सकाळधरनं दारोदार हळू बोलत फिरतीय. ह्ये शेवटचं घर," ती म्हणाली. "वरडली असती, तर तुम्ही सांगितलं असतं व्हय?"