मुरलीआप्पाचे तीन आवाज

मुरलीआप्पाला राम राम घातला तर तो उलट राम राम म्हणत नाही. डोळे मिटतो, मान तिरपी करतो आणि सांगतो, "टेलर, तुझा खालचा आवाज बसलाय आज. रात्री दही चापलं काय?"

भोकरदनला माझं ब्लाउज शिवायचं दुकान आणि आप्पाची रेकॉर्डिंगची खोली यांच्यात एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. ऑटोवर भोंगा लावून तालुकाभर जे ओरडत फिरतं ना, साड्यांचा सेल, कीर्तनाचा सप्ताह, शाळेचे प्रवेश, तो सगळा आवाज आप्पाचा. खोलीत बसून बोलायचं, कॉम्प्युटरवर सजवायचं आणि पेनड्राइव्ह ऑटोवाल्याच्या हातावर ठेवायचा, हा त्याचा धंदा.

"आवाज एक न्हाई, तीन असतेत," हे त्यानं इतकं घोकलंय की माझ्या गिऱ्हाईक बायाही आता तसंच म्हणतात. बोलून झालं की तो त्या आवाजाचे तीन पट्टे करतो: खालचा, मधला, वरचा. मग प्रत्येकाला वेगळा मसाला. खालच्याला वजन, वरच्याला चमक आणि चवीपुरता इको. सगळ्याला सरसकट इको दिला तर म्हणे शब्दांचा चिखल होतो.

"तू बाही, पाठ आन गळा एकदमच कापतो का? येगयेगळं कापतो, मंग जोडतो. हे बी तसंच."

बराबर बोलला होता, पण मी कशाला कबूल करू!

"आन मधल्याचं काय?" मी विचारलं.

"मधल्यात माणूस राहतो. राग, लाज, रडणं, सगळं तिथंच. त्याला लई संभाळावं लागतं."

माझ्या शिलाई मशीनशी त्याचं हाडवैर. मी पाय टाकला रे टाकला की भिंतीवर धपधप. "टेलर, बंद कर! माझ्या खालच्यात घुसून राह्यली तुझी मशीन!" एकदा सप्ताहाच्या जाहिरातीत महाराजांच्या नावामागं माझी मशीन खडखडली, तर गड्यानं मला हाताला धरून आत नेलं, कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि एकेक पट्टा एकटा वाजवून दाखवला. "हे बटण दाबलं की बाकीचे दोन गप. आता ऐक. हा तू!" द्वारकाकाकू, म्हणजे आप्पाची बायको, चहा घेऊन आल्या होत्या. हसत म्हणाल्या, "अन् माझे किती आवाज हो?"

"तुझा एकच, सुनीची माय. पण तो साऱ्या गल्लीला पुरतो."

सुनी म्हणजे त्यांची लेक सुनीता, जुन्या जालन्यात दिलेली. काकूंना आप्पानं जन्मभर 'सुनीची माय' म्हणूनच हाक मारली. नाव कधी घेतलं नाही. जुनी माणसं, लाजतात.

मयताची खबरही भोंग्यावर आप्पाच सांगायचा. तिथं मात्र इको नाही, चमक नाही, आणि मधला पट्टा पार दाबून सपाट. "कोण गेलं, किती वाजता न्यायचं, एवढं कळलं बस. रडायचं काम घरच्यायचं," म्हणायचा.

मागच्या हिवाळ्यात काकूच गेल्या. सकाळी चहा ठेवला आणि चुलीपाशीच बसल्या, त्या उठल्याच नाहीत. मी म्हटलं, "आप्पा, आज दुसऱ्या कुणाकडून बोलून घेऊ."

"मयताचं मीच सांगत असतो," म्हणाला आणि दार लावून घेतलं.

सुनीता जालन्याहून आली, एसटीतून उतरली, आणि समोरून ऑटो गेला. भोंग्यावर बापाचा आवाज. सौभाग्यवती द्वारकाबाई यांचे दुःखद निधन. सपाट, कोरडा.

तेरावं होईपर्यंत ती बापाशी एक शब्द बोलली नाही. चौदाव्या दिवशी बॅग घेऊन माझ्या दुकानात आली. काकूंचा एक ब्लाउज माझ्याकडं शिवायला पडला होता, तो न्यायला.

"काका, साडीच्या सेलचं सांगावं तसं आईचं सांगितलं यांनी. आता मी इथं कोणासाठी यायचं? हे माझं शेवटचंच."

माझं डोकंच सटकलं. "चल इकडं," म्हटलं आणि तिला शेजारच्या खोलीत नेलं. आप्पा तेराव्याची भांडी परत द्यायला गेला होता. काकूंची खबर केल्यापासून कॉम्प्युटरला कुणी हात लावला नव्हता, तीन पट्टे समोरच होते. आप्पानं दाबलेला मधला मी मोकळा सोडला, बाकीचे दोन गप केले आणि वाजवलं.

अरे देवा! माणूस असा रडत बोलला होता, आणि आम्हाला पत्ता नाही. प्रत्येक शब्दाला हुंदका. 'द्वारकाबाई'ला तर आवाज पार फाटलेला. जन्मात पहिल्यांदा ते नाव त्याच्या तोंडून निघालं होतं, तेही भोंग्यासाठी.

"बंद कर ते." आप्पा दारात उभा होता.

"काहून दाबलं, आप्पा?" सुनीताचे डोळे वाहत होते.

"माय, साऱ्या गावाची माणसं मी कोरड्या आवाजात सांगितली. माझ्या घरचं रडून सांगितलं असतं, तर त्यायला काय वाटलं असतं? त्यायची माणसं काय कमी होती का?"

सुनीतानं बॅग खाली ठेवली आणि बापाच्या छातीवर डोकं टेकलं. त्या दिवशीची एसटी गेली, दुसऱ्या दिवशीचीही गेली.

मग मात्र तिला जावं लागलं. घरी लेकरं होती तिची. तिला गाडीत बसवून आप्पा परत आला तेव्हा मी सुईत दोरा ओवत होतो. मशीन बंद होती. तरी भिंतीवर धपधप झाली.

मी बाहेर येऊन ओरडलो, "अहो, बंदच आहे ना मशीन!"

आप्पा त्याच्या दारात उभा होता. खाली बघत म्हणाला, "म्हणूनच वाजवली रे. चालू कर. इकडं लई शांत होऊन राह्यलं."

मी आत जाऊन मशीनवर पाय टाकला. शिवायला हातात कपडा नव्हता, तरी चालवत राहिलो.