डावीकडचं शहर

महामार्गावरच्या पाट्यांतल्या चुका चष्मेवाल्यांना दिसतातच, हे त्यांच्या घरच्यांनी फार पूर्वी मान्य करून टाकलं होतं. दिवसभर दुकानात लोकांची नजर तपासणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशी रस्ते खात्याची नजर तपासायला निघे. मागच्या पाटीवर पंचवीस किलोमीटरवर असलेलं गाव पुढच्या पाटीवर तीस किलोमीटरवर गेलेलं दिसलं, की गाडी बाजूला घ्यायची, फोटो काढायचा आणि बायकोला समजावून सांगायचं. बायकोला ते पहिल्या वर्षीच समजलं होतं. पण जित्याची खोड ती.

या खोडीपायी मेहुण्याच्या लग्नाला ते पोचले तेव्हा हॉलवाला खुर्च्या एकात एक रचत होता. मेहुण्याने तेव्हापासून बहिणीशी अबोला धरला होता. आता त्याने नवं घर घेतलं होतं आणि स्वतःहून जेवायला बोलावलं होतं. बायको आठवडाभर आनंदात होती आणि चष्मेवाल्यांना त्या आनंदाची धास्ती वाटत होती.

"आज पाटीसाठी गाडी थांबली ना," निघतानाच ती म्हणाली, "तर मी भावाकडेच राहीन. तुम्ही पाट्यांशी संसार करा."

चष्मेवाल्यांनी शपथ घेतली आणि मोठ्या फाट्यापर्यंत पाळलीसुद्धा. फाट्यावर पाटी नवी, भलीमोठी, दुरून वाचता येईल अशी होती. तिच्यावर मेहुण्याच्या शहराचं नाव होतं आणि बाण डावीकडे होता. शहर उजवीकडे होतं. चष्मेवाले तिथे चार वेळा जाऊन आले होते. पुढच्या गाड्या मात्र एकामागून एक डावीकडे वळत होत्या.

पाटीखालीच फलक निरीक्षकाची खोली होती. "दोनच मिनिटं," म्हणून चष्मेवाले उतरले.

"साहेब, बाण चुकलाय."

निरीक्षकाने शांतपणे डबा बंद केला. "बाण मंजूर आहे. मंजूर बाण चुकत नाही."

"पण शहर उजवीकडे आहे."

"त्याची आम्हाला कल्पना आहे. शहराला नोटीस दिली होती. दर्शवलेल्या दिशेला तुम्ही का नाही, म्हणून. समाधानकारक खुलासा आला नाही."

"अहो, मग पाटी फिरवा ना."

"पाटी फिरवली तर आधी ती चुकीची होती असं होईल. मग ती कुणी लावली, कुणी तपासली, चौकशी लागेल. त्यापेक्षा शहर हलवणं सोपं पडतं."

डावीकडे आधी नुसता माळ होता, हे निरीक्षकाने अभिमानाने सांगितलं. लोक पाटी वाचून तिथे पोचत आणि शहर शोधत उभे राहत. उभ्या माणसाला चहा लागतो, म्हणून टपरी आली. चहा पिऊन लोक परतण्याऐवजी चौकशी करू लागले, म्हणून चौकशी कार्यालय आलं. मग बसस्थानक, लॉज आणि दवाखाना. "आजवर एक तक्रार नाही," निरीक्षक म्हणाला. "तुमचीच पहिली. ती आम्ही आलीच नाही असं समजतो."

चष्मेवाले गाडीत बसले आणि त्यांनी चाक उजवीकडे फिरवलं.

"अहो, सगळे डावीकडे जातायत," बायको म्हणाली.

"सगळे विहिरीत उडी मारतील. आपण मारायची का?"

"विहीर असती तर पाटी लावली असती," ती म्हणाली. तिने तोंड फिरवून घेतलं ते थेट शहर येईपर्यंत.

शहर होतं तिथेच होतं. रस्ते रुंद, स्वच्छ आणि रिकामे होते. मेहुण्याच्या नव्या घराला नवं कुलूप होतं. चष्मेवाल्यांनी फोन लावला. पलीकडून वाढपाचा आवाज येत होता.

"दाजी, कुठे आहात?"

"तुझ्या दारात."

"तिकडे कशाला गेलात?" मेहुणा वैतागला. "सगळे पाहुणे डावीकडे पोचले. शेवटी मीच स्वयंपाक घेऊन इकडच्या हॉलवर आलो. पाटी वाचली नाहीत का? ताईला द्या जरा. ताई, दुकानात चष्मे आहेत ना? एक घरी वापरा."

ताईने फोन ठेवला. तिचे डोळे भरून आले होते. एवढं बरोबर येऊन एवढं चुकल्यासारखं चष्मेवाल्यांना आयुष्यात वाटलं नव्हतं. त्यांनी मुकाट्याने गाडी वळवली.

ते डावीकडे पोचले तेव्हा शेवटची पंगत बसत होती. मेहुणा हाताची घडी घालून दारात उभा होता. बायको गाडीतून उतरली आणि जागेवरच थांबली. आता दाजी व्याख्यान देणार, हे साऱ्या पाहुण्यांना ठाऊक होतं.

"रस्ता चुकलो," चष्मेवाले म्हणाले.

सगळ्यांना बरं वाटलं. मेहुण्याने बहिणीला जवळ घेतलं, कुणीतरी चष्मेवाल्यांना भिंतीकडची जागा दिली आणि वाढता वाढता दोघातिघांनी समजावलं, की एवढी मोठी पाटी आहे, बघायची हो. जेवण फार चांगलं झालं होतं.

चष्मेवाल्यांच्या दुकानात नजर तपासायचा अजून तोच तक्ता आहे. तीन दातांची आकृती कुठे तोंड करून आहे, ते गिऱ्हाइकाने सांगायचं. फक्त तुम्ही "उजवीकडे" म्हणालात, तर ते आधी बाकावर बसलेल्यांना विचारतात, "तुम्हाला काय दिसतंय?" मग त्याप्रमाणे नंबर काढून देतात. त्या चष्म्याबद्दल अजून कुणाची तक्रार नाही. तुमचीही नाही, आणि तो आत्ता तुमच्या नाकावर आहे.