कपेलातली उत्तरे

सोमवारी सकाळी सांतानकाका ज्याच्या अंगणात उभे राहत, त्याच्या घरचे कोणी ना कोणी मेलेले माणूस आदल्या दिवशी कपेलात येऊन गेलेले असे.

"आंतोन, तुझो बापूस काल इल्लो रे. गुडघे दुखतत, तरी गुडघ्यार होतो. तू खंय होतंस?"

आंतोन जाळे विणता विणता मान वर न करता म्हणे, "जितो होतो तेव्हा बापूस एकदाव येवक नाय."

"म्हणानच आता येता. तूय मराची वाट बघतंस? माका काय, मी फक्त सांगतंय."

'माका काय, मी फक्त सांगतंय' हे त्यांचे पालुपद. एवढे म्हणून ते पुढच्या घराकडे वळत.

आमचे देवबाग म्हणजे खाडी आणि समुद्र यांच्यामधली वाळूची पट्टी. तिच्यावर आम्हा किरिस्तावांची थोडी घरे आणि एक लहानसे कपेल, म्हणजे प्रार्थनाघर. पाद्री मालवणहून महिन्यातून एकदा होडीने येत. एरवी रविवारी दुपारी तीन वाजता तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांतानकाका सांगत. ते आगबोटीवर स्वयंपाकी होते आणि नोकरी संपल्यावर गावी येऊन राहिले होते. पण तीन वाजता दुपारचे जेवण लोकांच्या अंगावर आलेले असे. बाक रिकामे राहत.

रोजामावशींना त्यांनी एकदा सांगितले, "तुझी सासू इचारी होती, सून खंय आसा म्हणान." पुढच्या रविवारी मावशी डोक्यावरून पदर घेऊन हजर झाल्या. मात्र सासूच्या बाकापासून जितके लांब बसता येईल तितके लांब, म्हणजे थेट दाराच्या उंबऱ्यावर बसल्या, आणि निम्म्यातच उठून गेल्या.

शेजारच्या भिकाजीदादांनी एकदा त्यांना गाठले. "सांतान, आमचे पितर वर्साक एकदा येतत. तुमचे दर आयतवारी? इतक्यांका जेवक काय घालतास?"

"त्यांका जेवाण नको, भिकाजी. उत्तर देवक माणूस व्हया."

एका वर्षी पाद्रींनी बाहेरून मोठे प्रवचनकार आणले. माडाला कर्णा बांधून आठवडाभर नरकाचे वर्णन झाले. लोक रडले. बोलणे टाकलेले भाऊ एकमेकांच्या गळ्यात पडले. दारूच्या बाटल्या खाडीत गेल्या. तिसऱ्या रविवारी बाक पुन्हा रिकामे. सांतानकाका म्हणाले, "जाग इल्ली खरी. पण डोळे चोळले नि परत निजले."

मग पाद्रींनी सांगून टाकले. कपेलाच्या सणापर्यंत तेर्साला माणसे दिसली नाहीत, तर दाराला कुलूप. ज्यांना देव हवा त्यांनी मालवणला यावे.

"माणसा येतत, पाद्रीबाब."

"जिवंत माणसं, सांतान."

मी तेव्हा बी. ए. होऊन मालवणच्या शाळेत नुकताच लागलो होतो. माझ्या वडिलांना सही येत नव्हती. मला पहिली अक्षरे लावायला शिकवली ती सुट्टीवर आलेल्या सांतानकाकांनी, प्रार्थनेच्या पुस्तकावरून. आता शिकलेल्या माणसाने त्यांची समजूत घालावी, कपेल गेले तरी श्रद्धा जात नाही असे काहीतरी सांगावे, म्हणून एका रविवारी निघालो.

वारा पडला होता. उन्हाने वाळू पांढरी झाली होती आणि वाटेवर कुत्रेसुद्धा नव्हते. कपेलाच्या खिडकीशी आलो आणि तिथेच थांबलो. आत सांतानकाका अर्धी प्रार्थना म्हणून गप्प होत, आणि उरलेली अर्धी दुसरे कोणी म्हणत होते. आधी एक घोगरा आवाज, मध्येच खोकणारा. पुढच्या मण्याला नाकातून बोलणारी म्हातारी. त्यानंतर एक मऊ आवाज, शेवटचा शब्द किंचित ओढणारा.

तो आवाज आईचा होता. आई गेली तेव्हा मी सात वर्षांचा होतो. तिचा आवाज मी विसरलो होतो, आणि विसरलो होतो हे मला त्या क्षणापर्यंत माहीतही नव्हते.

आत डोकावलो. सांतानकाकांशिवाय कोणी नव्हते. अर्धी प्रार्थना म्हणून झाली की ते चार पावले चालत, एका बाकावर बसत, त्या बाकाच्या आवाजात उत्तर देत आणि उठत. आईच्या जागेवर ते अंग चोरून बसले होते, शेजारी लहान मूल बसले असावे तसे.

मला पाहून ते मुळीच ओशाळले नाहीत. "तेर्स एका तोंडान होणा नाय रे. सांगतलो एक, उत्तर देतलो दुसरो. ह्यांचे आवाज माका येतत, तेवढ्यार चलवतंय."

मग ते खिडकीजवळच्या शेवटच्या बाकावर जाऊन बसले आणि काहीच बोलले नाहीत. पुरा एक मणी तसाच गेला.

"ही कोणाची जागा, काका?"

"माझ्या बायलेची, इसाबेलची." ते खिडकीकडे बघत राहिले. "मी सगळो जन्म दर्यार. घराक इलंय की मीच बोलय, ती आयके. सगळ्यांचो आवाज येता, तिचोच येणा नाय. म्हणान गप रवतंय. ती म्हणत आसतली."

मी आईच्या जागी बसलो आणि पुढच्या मण्याला उत्तर दिले.

त्या संध्याकाळी आंतोनला मी फक्त त्याच्या बापाच्या खोकल्याबद्दल सांगितले. पुढच्या रविवारी तो खिडकीबाहेर उभा होता. त्याच्या पुढच्या रविवारी आत आला, आणि उत्तर देताना स्वतःच खोकला. हळूहळू रोजामावशी उंबऱ्यावरून सासूच्या बाकापर्यंत सरकल्या. सणाला पाद्री आले तेव्हा बाक भरलेले नव्हते, पण कुलूप त्यांनी होडीतच ठेवले. जिवंतांची उत्तरे येऊ लागली तसे सांतानकाकांनी बाकावरून बाकावर फिरणे सोडून दिले.

सणाच्या त्या दिवशी तेर्स चालू असताना ते फक्त शेवटच्या बाकाशी गेले, आणि आम्ही सगळे दर रविवारसारखे गप्प झालो. पाद्रींना वाटले, प्रार्थना विसरली. त्यांनी पुढचा शब्द सांगायला तोंड उघडले.

आंतोनने त्यांच्या बाहीला हात लावला. "रवा, पाद्रीबाब," तो हळूच म्हणाला. "इसाबेल म्हणता आसा."