दोघांवर एकदम ऊन

उत्तमअप्पांसमोर ‘सूर्य उगवला’ म्हणायची सोय नाही. म्हणालात की अडकलात. “उगवायला तो काय हरभरा हाय का?” असं विचारून ते तुम्हाला आहात तिथं उभं करतात. “तो जागचा हालत न्हाई. हालतो आपण. आपलं तोंड त्याच्याकडं झालं की दिवस, पाठ झाली की रात. एवढंच हाय ते.” मावळला म्हणायचीही बंदी. आमच्या नेकनूरच्या बायका आता अप्पा दिसले की “दिवस बुडाला” हे शब्द गिळतात आणि “पाठ झाली बाई” म्हणत दिवा लावायला उठतात.

अप्पा एसटीत होते. आधी कंडक्टर, मग मांजरसुंब्याला कंट्रोलर. निवृत्त होऊन सात-आठ वर्षं झाली, पण तोंडातलं स्थानक काही गेलं नाही. त्यांच्या लेखी सूर्य म्हणजे डेपो. पृथ्वी ही गाडी. ती स्वतःभोवती गिरक्या घेत डेपोला वळसा घालते आणि एका वळशाला वर्ष लावते. चंद्र ही आपल्या गाडीभोवती फिरणारी शटल. तिला स्वतःचा दिवा नाही, डेपोच्या उजेडावर चालते. “अन् रोज पाऊण तास लेट,” अप्पा सांगतात, “पर लेट बी टायमात लेट. आपल्या गाड्यांसारखं न्हाई.” संकष्टीला गल्लीतल्या बायका कॅलेंडर सोडून त्यांनाच विचारतात, “अप्पा, चंद्र कवा लागनार?” फलाटाला गाडी लागते तसा.

एका म्हातारीची ठाम समजूत होती की चंद्र येतो म्हणून रात्र होते. अप्पांनी तिला सकाळी नऊ वाजता अंगणात नेऊन आभाळातला फिक्कट अर्धा चंद्र दाखवला. “ही काय शटल उभी. मंग झाली का रात?” म्हातारी बराच वेळ वर बघत राहिली आणि म्हणाली, “आरं देवा, ह्यो घरी गेलाच न्हाई की.”

तुम्हाला हे सगळं गमतीचं वाटेल. मला वाटत नव्हतं, कारण मी इथल्या शाळेत भूगोल शिकवतो. ‘दिवस व रात्र कसे होतात?’ या प्रश्नाला निम्म्या वर्गानं ‘सूर्य हा डेपो असून’ अशी सुरुवात केली, तेव्हा माझं डोकं फिरलं. त्याहून वाईट म्हणजे पुढचं उत्तर बरोबर होतं. ज्यांनी माझं शिकवलेलं लिहिलं होतं, त्यांनी अक्ष आणि कक्षा यांची अदलाबदल केली होती.

अप्पांचा वर्ग भरतो शाळेच्या फाटकासमोर, खलीलभाईंच्या फळांच्या गाड्यावर. वेळ दुपारी दोनची, ठरलेली. गाड्यावरचं मोठ्यात मोठं टरबूज उचलायचं आणि त्याला टाचण्या टोचायच्या. एक बीड, एक जपान, एक अमेरिका, एक जर्मनी. मग ते उन्हात धरून हळूहळू फिरवायचं. खलीलभाई रोज ओरडतात, “अप्पा, खायाची चीज हाय ती! भोकं पडलेलं टरबूज कोन घेनार?” अप्पांना ऐकू येत नाही.

“अमेरिका पाठीमागं. घोरायलीय. जपानची पाठ होत आली. हे बघा बीड, भर उन्हात. आता जर्मनी बघा. उन्हातच हाय की न्हाई? कोवळं हाय, पर ऊन हाय. दोघांवर एकदम ऊन!”

हे शेवटचं वाक्य ते दोनदा म्हणतात. ऐकणारं नवीन असेल तर चारदा. आणि कुणी ‘परदेशात आपल्या उलटं असतं’ असं म्हणालं, तर त्याची धडगत नाही. एका पुढाऱ्यानं सभेत सहज म्हटलं, “आपण इथं उन्हात बसलोय आणि तिकडं परदेशात लोक झोपलेत.” अप्पा मागून उठले आणि गरजले, “तिकडं म्हंजी कुठं? देशाचं नाव घ्या!” पुढाऱ्याला नाव सुचेना. सभा तिथंच आटोपली. गावाला त्याचं दुःख झालं नाही, हा भाग वेगळा.

गेल्या महिन्यात माझा तोल सुटला. मधली सुट्टी होती आणि अर्धी शाळा गाड्याभोवती गोळा झाली होती. मी तरातरा गेलो आणि सगळ्यांदेखत म्हणालो, “अप्पा, सातवी नापास माणसानं भूगोल शिकवू नये. आयुष्यभर तिकिटं फाडलीत तेवढं पुरे.”

गर्दी पांगली. अप्पा एकेक टाचणी उपटून सदऱ्याच्या खिशाला लावत राहिले. मला वाटलं, चला, एकदाची जिरली.

“सर,” खलीलभाई खाली बघत म्हणाले, “तुमाला खरंच म्हाईत न्हाई का? काकू गेल्या तवापासनं चाललंय हे.”

काकू म्हणजे अप्पांची बायको शेवंताबाई. पाच वर्षांपूर्वी वारल्या. मी मातीला गेलो होतो. त्यांचा एकुलता एक मुलगा रवी जर्मनीत मोटारींच्या कारखान्यात आहे, त्याला पोचता आलं नव्हतं. मला ठाऊक होतं ते एवढंच. उरलेलं अप्पांनी सांगितलं, टरबूज खाली ठेवून, अगदी हळू आवाजात.

“दुपारचे दोन वाजलते. ती म्हनली, रवीला फोन लावा, एकदा आवाज ऐकते. मी फोन हातात घेतला अन् वाटलं, तिकडं रात असंल तर पोरगं दचकून उठंल. म्हनून इचारायला शाळेकडं आलतो. तुमी ह्या फाटकात भेटलते.”

मला आठवलं. न आठवतं तर बरं झालं असतं. घंटा झाली होती, हातात वह्यांचा गठ्ठा होता, आणि अप्पा धापा टाकत विचारत होते, “सर, परदेशात आता काय असंल?” मी चालता चालताच म्हणालो होतो, “उलटं असतं अप्पा. रात्र.” आणि वर्गावर गेलो होतो.

“घरी जाऊन तिला सांगितलं, तिकडं रात हाय. तर म्हनली, मंग निजू द्या लेकराला, उद्या लावा.” अप्पांनी तोंडावरून हात फिरवला. “पाठ व्हायच्या आत गेली. रवीला कळवलं तर तो रडत म्हनला, अप्पा, त्या वक्ताला इथं सकाळ होती, मी चहा पीत बसलतो, फोन हातातच होता. तवापासनं तो करतो फोन, न्हाई असं न्हाई. दिवाळीला करतो.”

“हे मला कधी बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“कावून बोलू? प्रवाशानं गावच सांगितलं न्हाई, तर कंडक्टरनं तिकीट कुठलं फाडायचं? मी परदेश म्हनलो. परदेश नावाचं काय गाव हाय का, सर? चूक माझी हाय.”

त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. कंडक्टर निदान ‘कुठं?’ एवढं तरी विचारतो. मी भूगोलाचा मास्तर, आणि मी तेवढंही विचारलं नव्हतं. पाच वर्षं हा माणूस रोज माझ्या शाळेच्या दारात उभा राहून माझीच चूक दुरुस्त करत होता आणि माझं नाव त्यानं एकदाही कुणापाशी घेतलं नव्हतं. मी मात्र त्याला चारचौघांत सातवी नापास म्हणून मोकळा झालो होतो. लाज वाटली म्हणणं फार कमी होईल.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली.

“जा सर,” अप्पा म्हणाले, “तास हाय तुमचा.”

आणि मी गेलो. त्या दिवशी गेलो होतो, तसाच.